माझं गिऱ्हाईक

गौरांग सरांनी आपल्या फ्रिज-टीव्हीच्या सगळ्या दुकानांत 'बिझनेस इंटेलिजन्स' आणलं. कुठं काय खपलं, कोणती शाखा पुढे, कोणती मागे, हे प्रत्येक शाखाप्रमुखाला आता मोबाईलवर क्षणोक्षणी दिसू लागलं. हुडकेश्वरची शाखा धनश्रीकडे होती आणि सक्करदऱ्याची तिच्या नवऱ्याकडे, भूपेशकडे. त्या दिवसापासून घराचा आखाडा झाला.

"माझ्या आईले फ्रिज तुम्ही काहून विकला?" एका संध्याकाळी धनश्री दारातूनच कडाडली. "माझं गिऱ्हाईक होतं ते!"

"जावयाकडून घेतला त्यायनं. तुले काहून झोंबून राहिलं वं?"

दुसऱ्याच दिवशी तिनं चुलतसासऱ्यांना गाठलं आणि भूपेशकडे ठरलेला त्यांचा टीव्ही आपल्या शाखेतून पाठवला. मग बोलणं बंद झालं, जेवणं वेगळी झाली, आणि 'माझ्याकडूनच घ्या' या तगाद्याला कंटाळून नातेवाइकांनी दोघांचेही फोन उचलणं सोडलं.

शेवटी धनश्री गौरांग सरांच्या केबिनमध्ये जाऊन रडली. "सर, ते मोबाईलवरचे आकडे बंद करा. संसार मोडून राहिला माझा."

सरांनी सगळं अगदी शांतपणे ऐकून घेतलं. या दोनच शाखांची विक्री एवढी का वाढली, हे त्यांची महागडी यंत्रणा त्यांना सांगू शकली नव्हती.



रविवारी पेपरात त्यांची जाहिरात आली : "नंदनवन व मानेवाडा येथील नव्या शाखांसाठी शाखाप्रमुख पाहिजेत. पती-पत्नींना प्राधान्य."