आधी तुमची झडती

"मास्तर, मारा सही." हवालदाराने लिहून तयार असलेला पंचनामा शिलाई मशीनवर ठेवला.

चौकीला लागूनच टेलरिंगचं दुकान, त्यामुळे काशीनाथ माळवदे वीस वर्षं पोलिसांचे हक्काचे पंच होते. न वाचताच सही करायचे. आज मात्र त्यांनी चष्मा लावला, कारण समोर हात वर करून झुंबर काळे उभा होता. त्यांच्याच दुकानातल्या चिंध्यांच्या गोधड्या शिवून आठवडी बाजारात विकणारा झुंबर.

"याने काय केलं?"

"पारधी आहे, मास्तर. आणखी काय करायला पाहिजे?"

झुंबरच्या अंगाला अजून कुणी हातही लावला नव्हता. कागदावर मात्र लिहिलं होतं: पोलिसांनी आणि पंचांनी आधी स्वतःची झडती दिली, मग सदर इसमाच्या खिशात चोरीची सोनसाखळी मिळाली.

काशीनाथांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असल्या किती कागदांवर आपण सह्या ठोकल्या? किती जणांना आत पाठवलं? ते ताडकन उठले आणि सदऱ्याचे खिसे उलटे करून झुंबरसमोर उभे राहिले. खडू पडला, दोन बटणं पडली.

"घे माझी झडती."

"नको तात्या, मला मारतील."

"घे म्हणतो ना! यांनीच लिहिलंय. माझी झाली की साहेबांची घे."

येणारीजाणारी माणसं थबकली. झुंबरने भीत भीत मास्तरांना चाचपलं आणि तो हवालदाराकडे वळला.

हवालदाराने झटकन स्वतःचा खिसा दाबून धरला.