कॉलरमागची चिठ्ठी

चार वाजायला दोन मिनिटं असताना आईनं इस्त्रीचा प्लग काढला आणि ती कपाटाला चिकटून उभी राहिली. इथून फोनचा पडदा तिरका का होईना, दिसायचा आणि फोनला ती दिसायची नाही. ही जागा शोधायला तिला तीन रविवार लागले होते.

मुलीनं फोन डब्याला टेकवून उभा केला. अकरा वर्षांची पोर. वेणी पुढे घेतली, मग पुन्हा मागे टाकली. आईकडे तिनं पाहिलं नाही.

फोन वाजला.

"बोला, वकीलसाहेब!" बाप म्हणाला. पोरगी बोलायला लागल्यापासून वाद घालायची, म्हणून हे नाव. त्याच्या मागे नेहमीची पांढरी भिंत होती. खिडकी नाही, कॅलेंडर नाही, साधा खिळासुद्धा नाही. चार वर्षांत त्यानं लेकीला परदेश दाखवला तो एवढाच. "आई घरी आहे का गं?"

"नाही," मुलगी म्हणाली.

इतकं सहज म्हणाली, की आईच चपापली. हे खोटं तिनंच शिकवलं होतं. पण जी पोर माझ्यासाठी त्याच्याशी खोटं बोलते, ती त्याच्यासाठी माझ्याशी बोलत नसेल कशावरून? मागच्या महिन्यात "बाबा कुठल्या गावात राहतो?" असं विचारलं, तर कार्टीनं नुसते खांदे उडवले होते.

टेबलावर, इस्त्री केलेल्या कपड्यांखाली, अर्ज होता. मुलीच्या खर्चासाठी बापाकडून दरमहा काही मिळावं म्हणून केलेला आणि तीनदा साभार परत आलेला. "बाई, नुसतं 'परदेशात' लिहिलंत तर कागद काय वाऱ्यावर सोडू?" कचेरीतला कारकून म्हणाला होता. "गाव द्या, रस्ता द्या, त्याचं नेहमीचं दुकान द्या. तिकडचे लोक माणूस शोधतात हो, पण शेपूट तरी हातात द्यायला नको?" उद्या शेवटची तारीख होती.

"तुला काम मिळालं का?" मुलीनं विचारलं.

"कुठलं गं! मित्राकडे पडलोय. जमिनीवर झोपतो. तुझ्या आईला वाटतं, मी इथे सोन्याच्या ताटात जेवतो."

बोलता बोलता त्याच्या हातून काहीतरी पडलं आणि तो उचलायला वाकला. क्षणभर त्याची मान दिसली, कॉलर दिसली आणि कॉलरच्या मागे टोचलेली एक पिवळी चिठ्ठी दिसली.

आई नऊ वर्षं लॉन्ड्रीत कामाला होती. असल्या चिठ्ठ्या तिनं हजारांनी टोचल्या होत्या. वर गिऱ्हाइकाचा नंबर, खाली दुकानाचं नाव आणि रस्ता. शर्ट घालण्याआधी ती काढायची असते, पण जन्मात स्वतःचं बटण न शिवलेला माणूस ते विसरणारच. आणि कॉलर काय ताठ होती! लॉन्ड्रीत शर्ट टाकणारा बेकार माणूस तिनं नऊ वर्षांत एकही पाहिला नव्हता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तेवढ्यात तो सरळ बसला आणि चिठ्ठी दिसेनाशी झाली.

हिला दिसली का? मुलीचा चेहरा कोरा होता. खुणावावं, तर पोरीची नजर हलेल आणि तो सावध होईल. आणि तीच जर त्याला म्हणाली, "बाबा, कॉलरला काय लागलंय बघ," तर? सगळं मुसळ केरात.

"बाबा," मुलगी म्हणाली.

आई कपाटाला आणखी चिकटली.

"तू केस कापलेस?"

"कालच! बरे दिसतात?"

"मागून दाखव ना."

तो खुलला. केसांच्या बाबतीत तो पहिल्यापासूनच हळवा. लग्नाच्या दिवशी नवरीपेक्षा आरशासमोर हाच जास्त वेळ होता. त्यानं पाठ वळवली, मान जरा खाली घातली आणि डावीकडून उजवीकडे फिरवून दाखवली.

"थांब, हलू नकोस," मुलगी म्हणाली. तिनं फोनच्या कडेची दोन बटणं एकदम दाबली. "छान कापलेत, बाबा."

मग थोडं शाळेचं बोलणं झालं, थोडं दुखऱ्या दाताचं. आई येईल आता, असं सांगून तिनं फोन बंद केला.

पडद्याचा काढलेला फोटो बोटांनी मोठा करून तिनं फोन आईपुढे सरकवला. केस, मान, पिवळा कागद. नंबर, दुकान, रस्ता, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. आईनं कपड्यांखालचा अर्ज ओढला आणि एकेक अक्षर उतरवून घेतलं. आनंद झाला होता, आणि आपल्याच पोरीवर महिनाभर पाळत ठेवली याची लाजही वाटत होती.

"बरी दिसली गं तुला!"

"मागच्या रविवारीपण होती," मुलगी म्हणाली. "तेव्हा निळी होती."

आईचं पेन थांबलं. "मग तेव्हा का नाही बोललीस?"

मुलीनं फोन उलटा करून ठेवला. वेणीचं रबर काढलं, पुन्हा लावलं.

"पुढच्या रविवारी फोन तू उचल," ती म्हणाली. "त्याला सांग, मी घरी नाहीये."