हिरवं लुगडं

सरांनी काजलला बजावलं, "नाटकात तू डोंगरपाड्यावरची मजुरीण आहेस. घरून आईचं लुगडं आण." कॉलेजात नाट्यशास्त्र शिकताना तिला पहिल्यांदाच भूमिका मिळाली होती. टोकावड्याला घरी आईने पेटीतून जिवापाड जपलेलं, लग्नकार्यातच नेसायचं हिरवं लुगडं काढून दिलं. "चार लोकांसमोर नेसायचं, जुनं कसं देऊ गो?" सर ते बघून हसले. "एवढं चांगलं? मजुरीण खरी वाटायला हवी!" त्यांनी ते चहाच्या पाण्यात बुडवलं, कात्रीने फाडलं, ठिगळं लावली. काजलने तेच नेसून तालीम केली. स्पर्धेत वेशभूषेला बक्षीस मिळालं. नाटक बघायला आलेल्या आईनेही टाळ्या वाजवल्या. परतीच्या एसटीत आईने विचारलं, "फाटकं कशाला नेसलीस गो? माझं कुठंय?" काजल खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सर बोलले, लय चांगलं हाय, खराब होईल." आई सुखावली. "भला माणूस! मंग घेऊन ये, तुझ्या जगनदादाच्या हळदीला तेच नेसीन."