चूलबंद आवतण

"पयलं आवतण वरच्या आळीला, आप्पासोंच्या मानाच्या दारात. मग बाकीचं गाव. ह्यात चुकू नगंस, पोरी," शालूबाईंनी सुनेला बजावलं होतं.

"आता कोण बघतंय एवढं, आत्या?" म्हणत अंकितानं चपला सरकवल्या, चार वर्षांच्या शिवांजलीला कडेवर घेतलं आणि ती खालच्या आळीला वळली.

रविवारी सामना होता. हाताशी तीन दिवस.

रहिमतपूरच्या अलीकडचं हे गाव. पलटणीतून सुट्टीवर आलेल्या माणसांनी इथं कधीकाळी वाघजाई फुटबॉल क्लब काढला. आता सामन्याला चाळीस माणसं जमली तरी पुष्कळ, आणि त्यातली निम्मी पाहुण्या संघाची. क्रिकेटवाले मैदान मागत होते. क्लबचे अध्यक्ष सुभेदार जोतीराम आदल्याच दिवशी अंकिताच्या ओट्यावर बसून म्हणाले होते, "ह्या रविवारी मैदान भरलं तर क्लब ऱ्हाईल. न्हाई भरलं तर मी सोता कुलूप लावनार."

"भोंगा फिरवू, मोबाईलवर टाकू," वीरधवल म्हणाला. तो अंकिताचा नवरा, क्लबचा बचावपटू. उंचावरून आलेला चेंडू डोक्यानं परतवण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

सुभेदारांनी मान हलवली. "मोबाईलवर निस्ता अंगठा दाबत्यात गड्या, उठून कोन येतंय? घरचं मानूस दारात आलं की मगच गाव हलतंय. चूलबंद आवतण द्या. त्या दिशी कुनाच्या घरात कायबी शिजायचं न्हाई. पोराबाळांसकट समद्यांनी मैदानात जेवायचं, मग मॅच बघायची."

"मी फिरते," अंकिता पटकन म्हणाली.

वीरधवलनं तिच्याकडं इतक्या कौतुकानं बघितलं, की तिनं मान खाली घातली.

खालच्या आळीत पहिलंच घर गुंडाचं. त्याच्या आईनं, बनुबाईनं, कुंकवाचा करंडा पुढं केला आणि तिचा हात मध्येच थांबला.

"आप्पासोंकडनं आलीस न्हवं?"

"तिकडं शेवटी जाईन, मावशी. चढ आहे, त्यात ही कडेवर."

"म्हंजे पयलं आमच्यात?" बनुबाईनं आजूबाजूला बघितलं. कुणी ऐकलं तर नाही ना, असं. "बरं, बरं. येतू की."

वाटेत शिवांजली म्हणाली, "आई, बाबा मला परत प्रियदर्शनी म्हणाले." प्रियदर्शनी म्हणजे तिची आत्या, पुण्याला दिलेली.

"गंमत करतात," अंकिता म्हणाली आणि भराभर चालू लागली.

घरी वीरधवल खिडक्या लावून बसला होता. ऊन डोळ्यांत खुपतंय म्हणाला. चहात साखर घातली, ढवळली, आणि पुन्हा घातली.

"आज सरावाला नका जाऊ."

"क्लब हाय तवर मी हाय," तो हसला. "तू फकस्त गाव आण."

तीन दिवस ती फिरत राहिली. जेवण बेचव, झोप उडालेली. नवरा दिसेनासा झाला की जीव वरखाली, दिसला की त्याहून जास्त. शनिवारी दिवस कलताना ती एकदाची आप्पासोंच्या फाटकाशी पोचली.

"कितव्या दारात आलीस, सूनबाई?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"शेवटच्या, आप्पा."

"आस्सं." त्यांनी बस म्हटलं नाही. "उद्या आमच्यात पावनं यायचं हाईत."

रविवारी मैदानात मांडव उभा राहिला. मसालेभाताची दोन पातेली उतरली. अकरा वाजले, साडेअकरा. अंकिता ओट्यावर उभी राहून कान देत होती.

बाराला गुंडाच्या घरातून कुकरची शिट्टी झाली.

मग शेजारच्या घरातून. मग पलीकडच्या. वरच्या आळीच्या शिट्ट्या तर कधीच्या होऊन गेल्या होत्या. शालूबाई म्हणाल्या, "गेला गं बाई क्लब."

वरची आळी रागानं आली नाही, खालची संकोचानं. "आप्पासोंच्या आदी आमी मानाचं कसं जेवायचं?" गुंडा सुभेदारांना सांगत होता. "उद्या तोंड दावायचं हाय गावात."

मैदानात बघायला तेवीस माणसं होती. सामना झाला. बाहेर उभ्या अंकिताचे डोळे चेंडूमागं नव्हतेच. शेवटची शिट्टी झाली, सुभेदारांनी क्लबच्या खोलीला कुलूप घातलं आणि मिशीवर हात फिरवायचं निमित्त करून डोळे पुसले.

"कालेजात गेली, पन साधी रीत न्हाई शिकली," बायका कुजबुजल्या. शालूबाईंनी तर अबोला धरला. वीरधवलनं तेवढा बोल लावला नाही. घरी येऊन ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "असू दे गं. तुला काय ठावं."

ती तडक परसात गेली. तिनं मिरजेच्या डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, क्लब बंद झाला. आता खेळणं नाही."

"सुटलात. दोनदा मार बसलाय त्या डोक्याला, आणखी एक दणका झेपला नसता. ऐकलं म्हणायचं शेवटी त्यांनी."

"ते कुठले ऐकतात." अंकितानं आवाज आणखी खाली घेतला. "माझे वडील आमच्या गावची आवतणं द्यायचे, डॉक्टर. मी त्यांचं बोट धरून फिरले आहे. कुठलं दार पहिलं घ्यायचं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे."

फोन ठेवून ती बाहेर आली. ओटा रिकामा होता.

"बाबा बूट घालून गेले," शिवांजली म्हणाली. "म्हणाले, आता क्लबच्या भिंतीसंगट खेळतो."

अंकिता अनवाणी धावत सुटली आहे, पण मैदान गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. तुम्ही रहिमतपूरच्या रस्त्यानं येत असाल तर तिच्या आधी पोचाल. जरा थांबून ऐका, भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज येतोय का. येत नसेल, तर मैदानात जाऊन त्याला बघा.