'क्षमा' शब्दाची नोंद

शब्दकोशाच्या कचेरीत 'क्षमा' या शब्दावरून दोन सख्ख्या भावांचं बिनसलं. धाकटा म्हणे, मूळ अर्थ सोसणं. थोरला म्हणे, मूळ अर्थ जमीन. झालं! दोन्ही दीडशहाण्यांनी एकाच खोलीत मधे कपाट उभं केलं आणि अकरा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. चिठ्ठ्यांची ने-आण करायला मी, मुद्रितं तपासणारी, होतेच.

परवा धाकट्याला दवाखान्यात हलवलं. मी थोरल्याला म्हणाले, "दादा, डॉक्टरांनी आशा सोडलीय. आता तरी मन मोठं करा." दादांनी चष्मा पुसला आणि चिठ्ठी लिहून दिली. धाकट्याला ती वाचता येईना, म्हणून मीच वाचून दाखवली.



"मूळ अर्थ जमीन, हे कबूल कर. मग तुला क्षमा करायचं बघतो."