एकटी उभी राहिलेली गाय

समजा, तुम्ही पंचफुला आहात. वय दहा वर्षांचं. तुमच्यासमोर शेषेराव मालकांची गुरं गोठ्यात आडवी पडली आहेत. पोटं फुगलेली, तोंडाला फेस, पाय झाडणं चाललेलं. आणि गोठ्याच्या दारात गावानं तुमच्या आजीला धरून ठेवलं आहे. असे तिथे उभे राहा, बाळांनो, आणि ऐका.

"हिनंच केलं!" शेषेरावांची आई धुरपताबाई ओरडत होती. "भानामती केली माझ्या गुरांवर. आमची समदी पडली, अन् हिची एकटी गाय कशी उभी हाय, बघा की!"

आजीची, म्हणजे नागुबाईची, गुंजी तेवढी खरंच उभी होती. तांबडी, गाभण, बरगड्या वर आलेली. तोंडाला दोरीचं जाळीदार मुसकं.

"बाई, धर्म बदलला तवा आमी देवबी सोडले," नागुबाई म्हणाली. "मग भूतं कुठून आणू?"

कोणी हसलं नाही. एकानं तिचा अंबाडा धरून तिला खाली बसवलं. दुसरा पक्कड आणायला पळाला. भानामती करणाऱ्या बाईचे दात उपटले की तिचा मंत्र चालत नाही, असं त्या गावाला वाटायचं.

ते दुष्काळाचं साल होतं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मुरुडजवळच्या या गावात माळावर नुसती कुसळं उरली होती. गुरं दिवसभर हिंडायची आणि रिकाम्या पोटी परतायची. एके दिवशी नव्या जिल्ह्याची जीप आली. गुरांच्या डॉक्टरांनी चावडीपुढे एक उपाय शिकवला. पिकाला घालतात तो युरिया, अगदी थोडा, भरपूर पाण्यात विरघळवायचा. त्यात उसाची मळी कालवायची आणि ते पाणी कडब्याच्या कुट्टीवर शिंपडायचं. वाळकी काडीसुद्धा मग गुरांच्या अंगी लागते. "पण कोरडा युरिया त्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका," डॉक्टर म्हणाले. "ते विष आहे."

शेषेरावांनी शिकवल्याप्रमाणे केलं. त्यांची गुरं तरतरीत दिसू लागली. पंचफुला ती गुरं वळायची. त्या बदल्यात गुंजीला त्यांच्या माळावर चरायची मुभा होती. एकदा पंचफुलानं भीत भीत विचारलं, "मालक, गुंजीलाबी मूठभर घालू का? गाभण हाय."

शेषेराव हसले. "तुजी गाय आमच्या गव्हाणीत तोंड घालणार? उद्या तू आमच्या ताटात जेवशील."

त्यांनी खुंटीवरचं मुसकं काढलं आणि स्वतःच्या हातानं गुंजीच्या तोंडाला बांधलं. तेव्हापासून गोठ्यात शिरण्याआधी पंचफुला रोज ते बांधायची. बाकीची गुरं खायची. पंचफुला शेण काढून होईपर्यंत गुंजी जाळीतून नुसता वास घेत उभी राहायची.

आज टँकर आला नव्हता. रांजणात प्यायला जेमतेम पाणी होतं. शेषेरावांचे वडील कडब्यावर मीठ मुठीनं फेकायचे. युरियाही दिसायला तसाच पांढरा. शेषेरावांनी पोत्यात हात घातला आणि मुठी भरून कुट्टीवर उधळल्या.

"मालक, पाणी?" पंचफुलानं विचारलं होतं.

"पाणी काय तुजी आजी देती?"

उपाशी गुरं गव्हाणीवर तुटून पडली. गव्हाण निम्मीसुद्धा रिकामी झाली नव्हती, तोवर पहिला बैल थरथरायला लागला. नातीला न्यायला आलेली नागुबाई गर्दीच्या हाती सापडली.

"आजीनं काई केलं न्हाई!" पंचफुला ओरडली. "मालकांनी आज कोरडंच टाकलं."

सगळ्यांनी शेषेरावांकडे पाहिलं. त्यांनी गव्हाणीकडे पाहिलं, मग आईकडे.

"खोटं बोलायलीय पोरगी," ते म्हणाले. "रोजच्यावानीच टाकलं. इतके दिस खात होती, काई झालं का?"

"गुंजीला मुसकं हाय. तिनं खाल्लं न्हाई, म्हणून वाचली."

"अस्सं!" धुरपताबाईनं टाळी वाजवली. "मग मुसकं कशाला बांधलं गं? आमची मरणार हे ठावं होतं, म्हणूनच ना?"

गर्दीतून हुंकार उठला. ते मुसकं पहिल्यांदा कोणी बांधलं, हे गोठ्यात दोघांनाच माहीत होतं. त्यातले एक गप्प होते. दुसरी दहा वर्षांची होती.

पक्कड आली. कोणीतरी नागुबाईची हनुवटी वर केली.

पंचफुला शेषेरावांसमोर गेली. "मालक, सांगा की."

शेषेराव पाठ फिरवून पडलेल्या बैलाजवळ जाऊन बसले.

पंचफुला वळली आणि गुंजीजवळ गेली. तिचा हात दोरीच्या गाठीकडे गेला, तेव्हा नागुबाईला कळलं.

"पंचे, न्हाई गं!" ती किंचाळली. "माझे दात जाऊ दे. म्हातारीला काय करायचेत दात? गुंजीला नको!"

पंचफुलानं गाठ सोडली. गुंजीला ओढावं लागलं नाही, ढकलावंही लागलं नाही. तिनं आपणहून गव्हाणीत मान घातली आणि ती घाईघाईनं खाऊ लागली. पंचफुलानं तिच्या फुगीर पोटावर हात ठेवला आणि गर्दीकडे तोंड करून म्हणाली, "आता थांबा. अन् बघा."