आजचा चहा माझा

दादाच्या शब्दाखातर छकूनं शिवणकामाची सगळी कमाई त्या क्रिप्टो कंपनीत घातली आणि ती बुडाली. दादाचेही पैसे बुडाले, म्हणून शेकडो लोकांच्या सामूहिक दाव्यात दोघं भावंडंही उतरली. तेव्हापासून प्रत्येक तारखेला दादा तिला स्कूटरवरून कोर्टात आणायचा आणि पुढची तारीख घेऊन परत सोडायचा. चपला झिजल्या, पण हाती काही लागलं नाही.

आज दादा स्कूटर लावत होता, तेवढ्यात वकीलबाई छकूला दारातच भेटल्या.

"काल आदेश निघाला. आज सकाळीच बँकांनी खाती गोठवली. कंपनीची, मालकाची आणि माणसं आणून देण्याचं कमिशन ज्यांनी खाल्लं, त्यांचीही!"

"बरी जिरली मेल्यांची," छकू म्हणाली. हसायचं त्राण तिच्यात नव्हतं.

दादा आला, तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "खाती गोठवली रे."

"बघ, मी म्हणत नव्हतो? चल, आजचा चहा माझा!"

कँटीनवाल्यानं दादाचं कार्ड दोनदा मशीनला लावून पाहिलं.

"काका, खातं गोठवलंय असं दाखवतंय."

"मशीन बिघडलं असेल," दादा म्हणाला.

छकूनं पर्समधून सुटे पैसे काढून दिले आणि एक कप त्याच्यापुढे सरकवला.



"दादा, मला आणल्याचे किती मिळाले होते रे?"